आडनावातले गाव : बेने इस्रायल समाजाच्या पेण-रोहा भेटी

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर, पुगावकर ही आडनावे रायगड जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून वाचता येतात. पेण आणि रोहा ही तालुक्याची ठिकाणे. अष्टमी हे कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठावरचे गाव, रोह्याशी एकाच नगरपरिषदेत जोडलेले. वाक्रूळ पेण तालुक्यात, पुगाव रोहा तालुक्यात. या आडनावांची कितीतरी कुटुंबे आज इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, रामले, बेरशेबा आणि दिमोना या शहरांत राहतात. ती बेने इस्रायल समाजाची, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुद्यांची कुटुंबे आहेत.

गेल्या काही दशकांत या कुटुंबांतली माणसे मूळ गाव पाहायला येऊ लागली आहेत. काही एकेकटी येतात, काही नातवंडांना घेऊन, काही पन्नास आसनी बसमधून गटाने. या भेटींतून उमटणारी भावना एकसुरी नसते. गाव सापडल्याचा आनंद, घर न सापडल्याची खंत, गेल्याबद्दलचा अपराधीपणा आणि परत जायचे ठिकाण दुसरीकडे आहे याचे समाधान, हे सारे एकाच वेळी असते. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या कोकणी चाकरमान्यालाही यातला बराच भाग ओळखीचा वाटेल. बेने इस्रायलांच्या बाबतीत मात्र एक जास्तीचा पदर आहे. त्यांच्या समाजाने कोकण सोडून इस्रायलला जाण्यालाच ‘परतणे’ मानले होते. प्रार्थनेत शेकडो वर्षे ज्या भूमीचे नाव घेतले तिकडे ते गेले. त्यामुळे पेण-रोह्याची वाट धरणे हे त्यांचे दुसरे परतणे ठरते, आणि तेही ज्या गावाने त्यांना कधी जा म्हटले नव्हते त्या गावात.

कोकणातला मुक्काम

समाजाची परंपरा सांगते, की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले. त्यातले सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते गावकऱ्यांच्या मदतीने किनाऱ्यावरच पुरण्यात आली. त्या जागी आज समाजाची दफनभूमी आणि स्मारक आहे. या कथेला समकालीन लेखी पुरावा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र या समाजाच्या वंशात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय असे दोन्ही धागे स्पष्ट दिसले.

वाचलेली माणसे आणि त्यांचे वंशज हळूहळू शंभराहून अधिक गावांत पसरले. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा मुख्य धंदा, जोडीला शेती आणि सुतारकाम. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. बोली मराठी, बायकांचे नेसणे लुगडे, गळ्यात मंगळसूत्र, लग्नाआधी हळद-मेंदी. सामाजी, हसाजी, मुसाजी ही नावे अनुक्रमे सॅम्युएल, इझिकेल आणि मोझेस यांची कोकणी रूपे. धर्मग्रंथ हरवले होते, हिब्रूही विस्मरणात गेली होती. उरली होती ती ‘शेमा’ ही एकच प्रार्थना, सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे नियम. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो, हा त्यांतला एक नियम. पापलेट चुलीवर चढे, कोळंबी आणि चिंबोरी घरात येत नसे. मांसात दूध घालायचे नाही म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध. नारळाच्या मुलखात हा नियम पाळणे जड गेले नाही. परंपरेनुसार डेव्हिड राहबी नावाचा यहुदी पुढे कोकणात आला, तेव्हा त्याने मासे निवडायला सांगूनच या लोकांची पारख केली आणि त्यांना विसरलेला धर्म पुन्हा शिकवला.

सणांनाही गावची नावे मिळाली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस हा ‘बिरड्याचा सण’ झाला. तो ऐन पावसाळ्यात येतो. भात कापल्यावर त्याच शेताच्या ओलीवर घेतलेले वाल तोवर घरोघरी साठवलेले असतात. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा आणि उपास सोडताना त्याचे बिरडे करायचे. शोक जेरुसलेमचा, वाल पेण-रोह्याच्या शेतातले. या समाजाचे कोकणाशी असलेले नाते किती आतपर्यंत गेले होते, हे या एका पदार्थात दिसते.

पहिले स्थलांतर : मुंबई

गाव सुटण्याची सुरुवात इस्रायलमुळे झाली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल कुटुंबे मुंबईला जाऊ लागली. कंपनी सरकारचे सैन्य, गोदी, बांधकाम आणि पुढे रेल्वे, टपाल, शिक्षण या खात्यांत त्यांना नोकऱ्या मिळाल्या. सैन्यातले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकुराचा सचित्र ‘हग्गादा’ छापला गेला. वल्हांडण सणाला वाचायच्या या पोथीच्या चित्रांत बायका लुगडे नेसलेल्या आहेत. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. १८८० पासून अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली.

गावे तेव्हा ओस पडली नव्हती. उलट मुंबईच्या पैशाने आणि नव्या धर्मज्ञानाने गावांत प्रार्थनालये उभी राहिली. रेवदंड्याचे १८४२ मध्ये, अलिबागचे १८४८ मध्ये, पेणचे ‘बेथ हा-एलोहिम’ १८६३ मध्ये बांधले गेले. अष्टमीलाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रार्थनालय झाले. जुनी माणसे या वास्तूला मशीद म्हणत. बांधणी कोकणी घरासारखी, उतरत्या छपराची. आत पश्चिमेच्या भिंतीत तोरा हा धर्मग्रंथ ठेवण्याचे कपाट, कारण जेरुसलेम पश्चिमेला. मधोमध कठड्याचा चौथरा, एका बाजूला एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची खुर्ची आणि वर तेलाचा नंदादीप. घाणेवाल्यांच्या वस्तीत त्या दिव्याला तेल कमी पडण्याचे कारण नव्हते.

विसाव्या शतकात गावातला धंदा मोडत गेला. यांत्रिक गिरण्यांच्या तेलापुढे बैलघाणा टिकला नाही. पुढे १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्याकडे मालकी जाऊ लागली. मुंबईत नोकरी करून गावची जमीन कुळाकडे ठेवणाऱ्या कोकणातल्या सर्वच जातिधर्मांच्या कुटुंबांचा गावाशी असलेला आर्थिक धागा त्यामुळे सुटला. आज मूळ गाव पाहायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी गाव दोनदा सोडलेले असते. आजोबा रोह्याहून मुंबईला गेले, वडील मुंबईहून लोदला. प्रत्यक्ष आठवण भायखळ्याची किंवा ठाण्याची, गावाची आठवण ऐकीव. जे स्वतः कधी पाहिले नाही त्याची ओढ घेऊन माणूस येतो आणि ती ओढ पडताळून पाहण्यासारखे त्याच्याजवळ आडनावाखेरीज फारसे काही नसते.

दुसरे स्थलांतर : इस्रायल

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. पुढच्या दोन-अडीच दशकांत त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतातल्या यहुद्यांची संख्या २६ हजारांहून अधिक होती. २०११ मध्ये ती साडेचार हजारांच्या आसपास उरली. जाण्यामागे धर्मभावना होती, नातलगांची ओढ होती, आणि इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचे काय होईल ही काळजीही होती. छळ हे कारण नव्हते. कोकणात यहुदी म्हणून आपल्याला कधी त्रास झाला नाही, असे हा समाज जगभर आवर्जून सांगत आला आहे.

इस्रायलमधली पहिली वर्षे खडतर गेली. वाळवंटातल्या नव्या वसाहती, अनोळखी भाषा, मेहनतीची कामे आणि रंगावरून मिळणारी वागणूक. १९५१ मध्ये बेरशेबात काही कुटुंबांनी धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसांना मुंबईला परत आणण्यात आले. यांतल्या अनेकांनी नंतर पुन्हा इस्रायलला जाण्याची मागणी केली, आणि ती मान्यही झाली. मूळ देशी परतल्यावर येणाऱ्या संमिश्र भावनेचा हा पहिला मोठा दाखला. जिथून निघालो तिथली नोकरी, खोली आणि शेजार आता दुसऱ्या कुणाचे झाले आहेत, हे त्या कुटुंबांना मुंबईत उतरल्यावर कळले.

पुढचा घाव अधिक खोल होता. बेने इस्रायलांचे इतर यहुद्यांशी विवाह धर्मशास्त्रानुसार ग्राह्य धरावेत की नाहीत, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठाने उभा केला आणि १९६२ मध्ये वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. ज्या कोकणात त्यांच्या यहुदीपणाविषयी कुणी शंका घेतली नव्हती ते कोकण सोडून, यहुद्यांच्या देशात ते सिद्ध करावे लागले. या पिढीच्या मनात गावाविषयी जी माया दिसते, तिची एक मुळी या अनुभवात आहे.

मराठी मात्र त्यांनी टाकली नाही. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. नोहा मस्सील यांनी त्याचे संपादन केले. १ मे रोजी महाराष्ट्र दिन तिथे साजरा होतो. दिमोना आणि रामले इथल्या भारतीय दुकानांत पोहे, कोकम आणि गोडा मसाला मिळतो.

भेटीची वाट

जानेवारी १९९२ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि या भेटी सुकर झाल्या. जुलै २०१७ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये एक घोषणा केली. सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या इस्रायली नागरिकांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळेल, असे त्यांनी जाहीर केले. इस्रायलमध्ये बहुतेक यहुदी तरुणांना ही सेवा करावी लागत असल्याने तोवर ही मोठी अडचण होती.

गटाने येणाऱ्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. नवगावची दफनभूमी, अलिबागच्या इस्रायल आळीतले ‘मागेन आबोथ’ प्रार्थनालय आणि खंडाळा गावाच्या परिसरातला एलियाहू हनाबीचा टापा. या खडकावरची खूण म्हणजे एलियाहू संदेष्टा स्वर्गात जाताना उमटलेला त्याच्या रथाचा किंवा घोड्याचा ठसा, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर जो तो आपापल्या आडनावाकडे वळतो, कुणी रेवदंड्याला, कुणी पेणला, कुणी रोहा-अष्टमीला.

समोर येणारे गाव ऐकलेल्या गावापेक्षा वेगळे असते. पेण आता गणेशमूर्तींचे जगभर पोहोचलेले शहर आहे. महामार्गाच्या दुतर्फा कारखान्यांची फलकबाजी आहे आणि तालुक्यात डोलवीचा पोलाद प्रकल्प आहे. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते, शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. आजीच्या गोष्टीतल्या होडीने ओलांडायच्या नदीवर पूल झाले. जिल्ह्याचे नावही १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. जुन्या कागदावर ‘जिल्हा कुलाबा’ वाचून आलेल्या माणसाला सुरुवातीलाच थोडे चाचपडावे लागते.

घर सापडणे सर्वांत कठीण. मातीच्या भिंतींची कौलारू घरे विकली गेली, पडली किंवा त्यांच्या जागी इमारती आल्या. शोध लागतो तो पडक्या जोत्याचा, विहिरीचा किंवा दगडी घाण्याचा. जमिनीचा माग काढायचा तर तलाठ्याकडचे जुने फेरफार चाळावे लागतात. तिथे आजोबांचे नाव सापडलेच, तर पुढच्या नोंदीत ते कमी झालेले असते. येणाऱ्यांना त्या जमिनीवर हक्क सांगायचा नसतो. नाव एकदा तिथे होते एवढेच पाहायचे असते.

दफनभूमीत शोध सोपा होतो. जुनी थडगी नुसत्या दगडांची, नंतरच्यांवर हिब्रू आणि मराठी अक्षरे. इस्रायलमध्ये वाढलेला नातू हिब्रू भाग वाचतो, आजी मराठी. दोघांनी मिळून एक नाव पुरे होते. यहुदी रीतीप्रमाणे थडग्यावर छोटा दगड ठेवला जातो. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते. ते कापायला गावातलाच कुणी कोयता घेऊन येतो आणि अमुक थडगे अमक्याचे, हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असते.

प्रार्थनालयाची भेट सर्वांत बोलकी ठरते. यहुदी धर्मात सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. गावातली शेवटची कुटुंबे गेली तशी ही दहाची संख्या पुरी होईना, आणि धर्मानेच घातलेल्या या अटीमुळे नित्याची प्रार्थना थांबली. गट आला की ही अट पुरी होते. कपाट उघडते, नंदादीप लागतो, आणि ज्या सुरात आजोबांनी प्रार्थना म्हटली त्याच सुरात ती पुन्हा म्हटली जाते. तासाभराने बस निघते आणि दाराला कुलूप लागते. आपण आलो म्हणून प्रार्थना झाली आणि आपण गेलो म्हणूनच ती बंद आहे, ही दोन्ही सत्ये त्या तासाभरात एकत्र समोर येतात. अपराधीपणाची जाणीव इथे सर्वांत तीव्र होते.

तिच्यावरचा उतारा म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा एकत्र कालवून ताटात रास करायची, भोवती फळे आणि खजूर मांडायचे, वर गुलाबाचे फूल ठेवायचे. एलियाहू हनाबीचे नाव घेऊन आशीर्वाद म्हणायचे आणि मग प्रसाद वाटायचा. नवस फेडायला, लग्नाआधी, प्रवासाहून सुखरूप आल्यावर मलिदा होतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुदी समाजात हा विधी नाही. पेण हे पोह्यांचे गाव. इस्रायलमध्ये दुकानातून पाकीट आणून केलेला मलिदा आणि इथल्या गिरणीच्या पोह्यांचा मलिदा यांतला फरक पहिल्या घासाला कळतो. हा प्रसाद शेजाऱ्यांनाही वाटला जातो आणि संभाषण तिथून सुरू होते.

भावनेची घडण

येणाऱ्या सर्वांना एकच वाटत नाही, पिढीनुसार फरक पडतो. ज्यांनी स्वतः गाव किंवा मुंबई सोडली त्यांना भाषेचा दिलासा सर्वांत मोठा. एस.टी. स्थानकावर, बाजारात, चहाच्या टपरीवर आपले मराठी बोलले जाते आणि कुणी दचकून पाहत नाही. मात्र त्यांचे मराठी जुन्या वळणाचे असते, आणि गाव पुढे गेले आपण तिथेच थांबलो, हेही त्याच क्षणी उमगते. इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढीला गोंगाट, रहदारी आणि ऊन आधी जाणवते. आईवडिलांच्या सवयींचा उगम नंतर ध्यानात येतो. घरात चप्पल बाहेर का काढतात, पाहुण्याला आधी पाणी का देतात, याची उत्तरे त्यांना पेणच्या अंगणात मिळतात. तिसरी पिढी कुतूहलाने येते. तिच्यात खंत कमी आणि अभिमान अधिक दिसतो.

सादिया शेपर्ड यांचे २००८ चे ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ हे पुस्तक अशाच शोधातून झाले. त्यांची आजी बेने इस्रायल घराण्यातली. लग्नानंतर ती मुस्लिम कुटुंबात आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. अमेरिकेत वाढलेली नात आजीचा समाज शोधत कोकणात आली. समाजाबाहेर गेलेल्यांच्या वंशजांनाही कोकण खेचून आणते, हे त्या पुस्तकातून दिसते. भारतात राहिलेल्यांनीही हा विषय लिहिला. एस्तेर डेव्हिड यांच्या अलिबाग परिसरात घडणाऱ्या ‘बुक ऑफ रेचेल’ या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांच्या आडनावातच रोहा आहे त्या शीला रोहेकर यांनी ‘मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा’ ही कादंबरी हिंदीत लिहिली.

इतर विस्थापितांशी तुलना केली की या भावनेचे वेगळेपण कळते. पोलंडमधले आजोबांचे घर पाहायला जाणारा यहुदी नरसंहाराच्या जागी जातो. सिंधमधले घर पाहण्याची आस असलेल्या निर्वासिताच्या मध्ये सीमा आणि फाळणीची हिंसा उभी असते. त्यांच्या दुःखाला कारण आहे, कुणाला तरी जाब विचारता येतो. पेण-रोह्याहून गेलेल्यांना कुणी हाकलले नाही, घर कुणी बळकावले नाही, प्रार्थनालयाला कुणी हात लावला नाही. जाण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा आणि पुष्कळ अंशी तो फळालाही आला. मुले शिकली, घरे झाली, देशात मान मिळाला. तरीही काही गमावले आहे, आणि त्याचा दोष कुणावर ठेवता येत नाही. कृतज्ञता आणि खंत इथे एकमेकांना खोडत नाहीत, त्या शेजारी शेजारी राहतात.

गावाच्या बाजूनेही एक भावना आहे. एकेकाळी शेजारी असलेली घरे पाहता पाहता गेली. ज्यांनी ती पाहिली त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना शनिवारी बंद राहणारे दार आठवते, सणाला आलेला हलवा आठवतो. पाहुणे आले की तीच माणसे वाट दाखवतात आणि ‘तुमचे घर या वळणावर’ असे सांगतात. येणाऱ्याला आपले नाव तिथे कुणाला तरी ठाऊक आहे असे कळणे, हे पुष्कळदा घर सापडण्याहून मोठे ठरते.

जतनाचे काम

या भेटी पुढेही व्हायच्या असतील तर पाहण्यासारखे काही उरले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. प्रार्थनालयांच्या मिळकती सार्वजनिक विश्वस्त संस्थांकडे असल्याने धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. कायद्याचे हे कवच मोलाचे आहे, पण छपराची कौले शाकारणे, वाळवी रोखणे, दफनभूमीचे कुंपण राखणे ही कामे कवचाने होत नाहीत. त्यांना दरवर्षी पैसा आणि गावातला विश्वासू माणूस लागतो. परदेशस्थ कुटुंबांच्या देणग्या याच कामी येतात, आणि अनेकांच्या लेखी ती गावाची फेड असते.

तितकेच निकडीचे काम नोंदींचे आहे. थडग्यांवरची मराठी अक्षरे पावसाने झिजत आहेत. त्यांची छायाचित्रे आणि वाचन, घराण्यांच्या वंशावळी, सणांची जुनी नावे, कीर्तनांची हस्तलिखिते, बिरडे आणि मलिद्याची रीत सांगणाऱ्या आज्यांचे आवाज, हे सारे गोळा व्हायला हवे. मराठी साहित्य संस्था, रायगडमधली महाविद्यालये आणि इस्रायलमधली मराठी मंडळे यांनी ते एकत्र केले तर ते महाराष्ट्राच्याच सामाजिक इतिहासाचे काम होईल. कारण पेणकर आणि रोहेकर या आडनावांमागचा इतिहास जितका जेरुसलेमकडे पाहणाऱ्यांचा, तितकाच तो पेण आणि रोह्याचाही आहे.